किल्लीतला काळा कण

मावशीला गाडी चालवता येत नव्हती. तरी दर रविवारी सकाळी ती केस नीट विंचरून, त्यातल्या त्यात बरा कपडा अंगावर घालून खाली उतरायची, भाच्याच्या गाडीत चालकाच्या जागेवर बसायची आणि गाडी सुरू करायची. गिअर कुठला, ब्रेक कुठला याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. इंजिन सुरू करायचं, थोडा वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं, मग इंजिन बंद करायचं, दारं लावायची आणि वर यायचं. इमारतीतली पोरं हसायची. "मावशी, कुठवर जाऊन आलात?" मावशी म्हणायची, "तुझ्या शाळेपर्यंत. मास्तर तुझी चौकशी करत होते."

गाडी बंद राहिली की बॅटरी उतरते, असं भाचा परदेशी नोकरीला जाताना सांगून गेला होता. "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे मावशी, आठवड्यातून एकदा सुरू करत जा." ते सहा महिने काही संपले नाहीत. त्यांची वर्षं झाली. मावशीने मोजणं सोडून दिलं होतं, कारण मोजून कुणी लवकर परत येत नाही.

पण रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा, न चुकता. "मावशी, गाडी सुरू केलीस का?" "केली." "आवाज बरा आहे ना?" "छान आहे." "बॅटरी?" "ठीक." "बरं मग, ठेवतो." बस्स, एवढंच. तापाने फणफणली होती त्या रविवारीही ती जिने उतरून गाडी सुरू करून आली होती आणि फोनवर "छान आहे" म्हणाली होती. ते गाडीबद्दल होतं. तिच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, मग ताप सांगायचा तरी कुठे?

भाचा म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो शाळेत होता, आणि बापाने दुसरा संसार मांडला, तेव्हापासून तो मावशीकडेच वाढला. मावशीने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारी माणसं आता राहिली नव्हती आणि तिलाही कारण नीटसं आठवत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर पुढची एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापायचं टेबल, आणि टेबलाखाली पोराची गादी. यंत्र चालू असलं की पोरगा गाढ झोपायचा, थांबलं की जागा व्हायचा आणि विचारायचा, "मावशी, आहेस ना?" त्यामुळे काम संपलं तरी ती कित्येकदा रिकामंच यंत्र चालवत बसायची.

कामं तिची छोटी. पँट आखूड करणे, चेन बदलणे, उसवलेली शिवण घालणे, आणि बटणं. बटणांवर तिचा हात असा होता की तिने लावलेलं बटण तुटत नसे, कापड फाटे. पूर्वी गिऱ्हाइकं आत यायची, मापासाठी हात वर करून उभी राहायची आणि हात वर असेपर्यंत घरच्या सगळ्या भानगडी सांगून मोकळी व्हायची. आता तसं नव्हतं. आता लोक पिशवी दाराच्या कडीला अडकवायचे आणि फोनवर कळवायचे, "दोन इंच कमी." काम झालं की मावशी पिशवी पुन्हा कडीला अडकवायची. संध्याकाळी दार उघडून बघावं तर पिशवी गेलेली असायची. नेणारा माणूस कोण, जाडा झाला की वाळला, ते तिला त्याच्या पँटीच्या कमरेवरूनच कळायचं.

तर अशा या मावशीच्या हातात एका रविवारी किल्लीने मान टाकली.

बिघाड तसा जुनाच होता. किल्लीच्या डोक्यावरचं दार उघडायचं रबरी बटण झिजून त्याला भोक पडलं होतं. मावशी सुईच्या मागच्या टोकाने आत दाबायची आणि काम भागवायची. त्या दिवशी सुई आत घसरली, डोक्याच्या प्लास्टिकच्या डबीची कड तडकली आणि किल्लीचं पातं दुखऱ्या दातासारखं डुगडुगू लागलं. मग तिने सरळ पातं दाराच्या कुलपात घालून फिरवलं. दार उघडलं, पण ती उघडायची रीत गाडीला पसंत पडली नाही. तिने असा काही भोंगा सुरू केला की अख्ख्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. खरं सांगायचं तर इतकी माणसं एकदम आपल्याकडे बघताहेत, हे मावशीला क्षणभर वाईट वाटलं नाही.

दुपारी फोनवर तिने सगळं सांगितलं. भाच्याने लगेच गाडीच्या कंपनीकडे चौकशी केली आणि तासाभराने पुन्हा फोन केला. एका रविवारी दोन फोन! मावशीला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही.

"मावशी, नवी किल्ली, तिची जुळणी, गाडी उचलून तिकडे न्यायची, सगळं धरलं तर नाकापेक्षा मोती जड. जाऊ दे आता. भंगारवाल्याला देऊन टाकू. तुझ्यामागची कटकट तरी जाईल."

गाडी गेली तर रविवारी तो विचारणार काय? या एका प्रश्नाच्या खुंटीला त्या दोघांचं सगळं बोलणं टांगलेलं होतं. खुंटीच काढली तर बोलणं लटकणार कशाला?

"कटकट कसली रे," ती म्हणाली. "एक आठवडा दे. स्वस्तात काही होतंय का बघते."

"बघ. पण फार धावपळ करू नकोस."

बाजाराच्या तोंडाशी, दोन दुकानांच्या मधल्या बोळात एक किल्लीवाला बसायचा. माणूस बोलका, गिऱ्हाइकाशी कमी आणि किल्ल्यांशी जास्त. मावशीची किल्ली त्याने उलटसुलट केली आणि तिलाच विचारलं, "काय गं, कुणी सुई टोचली तुला?"

"मी," मावशी म्हणाली.

"तुम्ही होय! तरीच. आतलं सर्किट ठणठणीत आहे मावशी. फक्त वरची डबी गेलीय. ही घ्या नुसती डबी, नवी, बटणांसकट. चहापाण्याच्या पैशांत काम होईल. आतला माल हिच्यात घालायचा, पातं एका स्क्रूवर बसतं. ठेवून जा, परवा करून देतो. आज हे बघा किती पडलंय."

मावशीने त्याच्यापुढचा ढीग बघितला आणि स्वतःशीच हसली. आतला माल काढून नव्या कापडात घालायचा, बटणं बदलायची. हेच तर ती जन्मभर करत आली होती. परवापर्यंत कोण थांबतो? तिने डबी विकत घेतली आणि जुनी किल्ली परत मागून घेतली. किल्लीवाला काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि ते सांगणं राहून गेलं.

घरी टेबलावर पांढरं फडकं अंथरून मावशी कामाला बसली. शिवण उसवायच्या हत्याराने तिने जुनी डबी कडेकडेने उकलली. सर्किटची हिरवी पट्टी चिमट्याने उचलून नव्या डबीत ठेवली. तशीच गोल बॅटरी, मग पातं, मग स्क्रू. वरून दाबल्यावर डबी टकदिशी मिटली. जुन्या डबीतून तांदळाएवढा एक काळा कण फडक्यावर पडला होता. वाळलेला डिंक असणार, कारखान्यातली माणसं कुठे हात पुसतात, असं म्हणून मावशीने तो दोऱ्यांच्या तुकड्यांबरोबर चिंध्यांच्या पिशवीत झटकला. रिकामी डबी मात्र तिने बटणांच्या डब्यात ठेवली. निम्मी फुटलेली वस्तूही ती टाकत नसे.

खाली जाऊन तिने बटण दाबलं. गाडीने दोन्ही डोळे मिचकावले, दारं खट्कन उघडली. मावशीला इतका आनंद झाला की तिने उगाच चार वेळा दारं लावली आणि उघडली. मग ती आत बसली, किल्ली फिरवली. इंजिनाने नुसता उसासा टाकला आणि ते गप्प झालं. समोरच्या काचेखाली किल्लीचं एक छोटं लाल चित्र लुकलुकत राहिलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

दुसऱ्या दिवशी बोळ गाठला. किल्लीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "हेच सांगणार होतो काल. अहो मावशी, हिच्यात दोन जीव असतात. हिरवी पट्टी दारं उघडते. गाडी सुरू करायला वेगळी चिप असते, तांदळाचा दाणा म्हणा ना. ती पट्टीवर नसते, डबीच्या कोपऱ्यात बसवलेली असते. ती ओळखीची दिसली तरच गाडी इंजिनाला हो म्हणते. जुनी डबी कुठाय?"

मावशीने पिशवीतून डबी काढली. तिच्या कोपऱ्यात एक छोटीशी खाच होती. रिकामी.

"काळी होती का?" मावशीने विचारलं. "मला वाटलं, डिंक."

"दुसरी किल्ली आहे का? तिच्यावरून नवी चिप करता येईल."

दुसरी किल्ली भाच्याबरोबर परदेशी गेली होती आणि तिकडच्या कुठल्या तरी घर बदलण्यात हरवली होती. "मग शोधा," किल्लीवाला म्हणाला. "सापडली तर फुकटात काम होईल. नाही तर कंपनीचंच दार."

मावशीने चिंध्यांची पिशवी फडक्यावर उलटी केली. एकेक चिंधी झटकली, एकेक दोरा बोटांतून ओढून बघितला. काही नाही. पलंग सरकवला, केरसुणीच्या काड्या विस्कटल्या, शिवणयंत्राच्या पायाखाली हात घातला. कडीला पिशव्या अडकून राहिल्या आणि फोनवर लोक विचारू लागले, झालं का. मावशीने एकालाही उत्तर दिलं नाही. शनिवार उजाडला तशी ती हरल्यासारखी खाली गेली आणि गाडीत जाऊन बसली. सीट खोल होती, म्हणून पाठीला आणि बुडाला टेकण द्यायला तिने याच आठवड्यात एक उशी शिवली होती. उशीवर नीट बसता बसता तिला आठवलं, ही भरली कधी? किल्ली उघडली त्याच संध्याकाळी. आणि भरली कशाने? चिंध्यांनी.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा काखेतही नव्हता.

आपलीच शिवण उसवायला मावशीला कधी इतका वेळ लागला नव्हता. टाके पक्के घालायची सवय अशी नडते. पण शेवटी एका निळ्या पट्टीच्या घडीत तो काळा कण सापडला. तिने तो तळहातावर घेतला, मूठ मिटली आणि तशीच, चपला घालायचं भान राहिलं म्हणून चपला घालून, बोळाकडे निघाली. किल्लीवाल्याने कण खाचेत बसवला. "डिंकाचा थेंब टाकू का वर?"

"नको, डिंकानेच घात केला," असं म्हणून मावशीने पिशवीतून फेल्टच्या जाड कापडाचा एक चिमुकला तुकडा कातरून दिला. तो कणावर असा बसला, जसा मापाने शिवलेला असावा. किल्लीवाल्याने पैसे घेतले नाहीत. मावशीने दुसऱ्या दिवशी त्याच्या शर्टाची दोन बटणं लावून दिली.

त्या रविवारी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मावशी नेहमीपेक्षा जास्त वेळ आत बसून राहिली. इंजिनाची ती एकसुरी घरघर अंगातून जात होती आणि तिला टेबलाखालची गादी आठवत होती. दुपारी फोन वाजला तेव्हा तिने तो पहिल्याच घंटीला उचलला.

"झाली सुरू!" ती म्हणाली. डबी, कण, उशी, सगळं तिने एका दमात सांगितलं. भाचा मनापासून हसला. कितीतरी दिवसांनी तो हसलेला तिने ऐकला. मग तो म्हणाला, "मावशी, तू म्हणजे कमाल आहेस. आता काम सोपं झालं. बंद गाडी भंगारात जाते, चालू गाडीला गिऱ्हाईक मिळतं. माझ्या मित्राच्या ओळखीचे एक शाळामास्तर आहेत, कधीपासून जुनी गाडी बघताहेत. शनिवारी पाठवतो त्यांना. किल्ली देऊन टाक. मग तू मोकळी."

मावशी "बरं" म्हणाली. गाडी वाचवायला म्हणून जी धडपड केली, तिनेच गाडी विकली होती. आणि तो तिला मोकळी करत होता. मोकळी! तिच्या खोलीत मोकळं नव्हतं असं होतं तरी काय?

आठवडाभर तिने एक वाक्य मनात तयार केलं. "गाडी विकून टाक हवी तर, पण फोन करत जा." एवढंच. शिवताना ते ती मोठ्याने म्हणून बघायची. म्हणताना ते ठीक वाटायचं. पण फोन उचलून त्याला म्हणायचं, तर त्याने फोन करायचा, तिने घ्यायचा, अशी रीत पडून गेली होती. आणि मागून घेतलेला फोन तो फोनच नव्हे, असंही तिला वाटायचं. वाढवलेल्या पोराकडे चौकशीची भीक कशी मागायची?

शनिवारी मास्तर आले. दोन बस बदलून आले होते आणि येताना नवं कोरं पिवळं फडकं घेऊन आले होते, गाडी पुसायला. "तुम्ही व्हा पुढे, मी किल्ली घेऊन आले," असं मावशी त्यांना म्हणाली. दार ओढून घेतलं. किल्लीचा स्क्रू काढला. फेल्ट उचललं, चिमट्याने कण काढला आणि बटणांच्या डब्यात, पांढऱ्या बटणांच्या कप्प्यात टाकला. हे आपण किती सहज केलं, याचं तिला मागाहून नवल वाटलं.

खाली गाडीने डोळे मिचकावले, दारं उघडली. मास्तरांचा चेहरा फुलला. त्यांनी किल्ली फिरवली. लाल चित्र लुकलुकलं.

"मागच्या रविवारी चालत होती म्हणाले," मास्तर.

"लहरी आहे," मावशी म्हणाली.

मास्तरांनी पुष्कळ प्रयत्न केला. मग बॉनेटवरची धूळ त्या पिवळ्या फडक्याने उगाच पुसली. "घरी सांगून आलो होतो, येताना गाडीतूनच येईन म्हणून," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मावशीने त्यांना वर नेऊन चहा दिला. जाताना त्यांच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं, ते उभ्या उभ्या लावून दिलं. मास्तरांनी दोनदा आभार मानले. ते बसथांब्याकडे चालत गेले, घडी केलेलं फडकं हातात धरून, आणि खिडकीतून बघताना मावशीला स्वतःची लाज वाटली. सगळ्या आयुष्यात तिने एकही टाका खोटा घातला नव्हता. हा पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस विंचरून खाली गेली. दुपारी फोन वाजला.

"मावशी, मास्तर म्हणाले, सुरूच झाली नाही."

"हो रे. नाही झाली."

"आश्चर्य आहे. मागच्या वेळी तर... तुझा आवाज असा का येतोय?"

"सुई होती तोंडात."

वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, आठवडाभर घासून गुळगुळीत केलेलं. गाडी विकून टाक हवी तर.

"मग आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"किल्लीवाल्याला दाखवते पुन्हा," मावशी म्हणाली.

"बरं, दाखव. तो काय म्हणतो ते सांग मला. पुढच्या रविवारी करतो फोन."

"कर," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला रडू आलं, कारण तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि ते असं मिळालं होतं.

खिडकीखाली गाडी उभी होती. सकाळी मावशीने कण आत बसवून ती सुरू केली होती, नेहमीइतका वेळ चालू ठेवली होती आणि कण काढून पुन्हा डब्यात टाकला होता. बंद राहिली की बॅटरी उतरते, त्याने सांगितलंच होतं. बॉनेटवर इमारतीतलं मांजर येऊन झोपलं होतं. पत्रा अजून कोमट होता.